पांढरी पडीक नसते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर एका गावाची बातमी छायाचित्रासह आली. गावाबाहेरचं ‘पडीक, निरुपयोगी टेकाड’ तरुणांनी पोकलेन लावून चार दिवसांत सपाट केलं आणि तिथे व्हॉलीबॉलचं मैदान तयार केलं. पोरांचा उत्साह खरा आहे, वर्गणी त्यांनी घरोघर फिरून जमवली आहे, आणि त्यांना खेळायला जागा हवीच. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. पण छायाचित्रात यंत्राच्या मागे मातीचा जो उभा काप दिसतो, तो मी भिंग घेऊन पाहिला. खाली काळी माती, तिच्यावर राखेसारखी पांढरट, मध्ये एक जळका पट्टा, त्यावर पुन्हा पांढरी. त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण पांढरीबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. चौतीस वर्षं धुळे, जळगाव आणि नंतर नंदुरबार जिल्ह्यात मोजणी केली. खात्यात आलो तेव्हा तेहतीस फुटी साखळी ओढली, मग फलकयंत्र आलं, निवृत्तीच्या वेळी हातात इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. शेकडो गावांची शिवारं पायाखालून गेली. पुरातत्त्वाचं शिक्षण मला नाही. पण बांध का वाकतो, पाणंद मध्येच का रुंदावते, सगळं वावर काळं असताना एकाच कोपऱ्यात माती पांढरी का, हे प्रश्न मोजणीवाल्याला रोज पडतात. उत्तरं शोधायला सवड नसते, कारण वादी-प्रतिवादी दोघंही बांधावर उभे असतात. ती सवड मला निवृत्तीनंतर मिळाली.

आपल्या जुन्या माणसांनी गावाचे दोनच भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी पांढरी का होते, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटलेल्या असतात. राख, शेण, गुरांचं मूत, पडलेल्या भिंतींची माती, जुन्या घरावर नवं घर, त्यावर आणखी एक घर. असं साचत साचत ती जागा आजूबाजूच्या शिवाराहून चार-पाच हात उंच होते. गाव उठून दुसरीकडे गेलं तरी टेकाड राहतं. खानदेशातल्या प्रत्येक धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराने ही माती डोक्यावर घेतलेली आहे. मृगाच्या आधी, रोहिणीत, आमच्या घरची गाडी टेकाडावर जायची आणि खारी माती भरून आणायची. ती धाब्यावर पसरली की पाणी आत झिरपत नाही. माझी आजी गाडी निघताना वडिलांना बजावायची, ‘‘कडेकडेनी ले रे भाऊ, मधमा नको खंदू. तठे पह्यले गाव व्हतं.’’ आजीला अक्षरओळख नव्हती. पण मधे खणू नये हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आमच्या टेकाडाने दरसाल शे-दीडशे बैलगाड्यांची माती दिली आणि तरी ते टिकून होतं. 2019 च्या मे महिन्यात मात्र ते तीन दिवसांत गेलं. एका रस्त्याच्या कामाला भराव हवा होता. जमीनमालकाने माती विकली. तो माझ्या भावकीतलाच आहे, गरजू आहे, आणि सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद ‘पोटखराबा’ अशी होती. पोटखराबा म्हणजे वावरातला पिकाला निरुपयोगी भाग. हा शब्द मी स्वतः माझ्या हाताने शेकडो उताऱ्यांच्या नकाशांवर लिहिला आहे. ओढा असो, खडक असो की चार हजार वर्षांचं गाव असो, आमच्याकडे सगळ्याला शब्द एकच. आपल्या बातमीतलं ‘पडीक, निरुपयोगी’ वाचून मला जे लागलं, ते त्यामुळे लागलं. हा शब्द तुमच्या वार्ताहराने शोधलेला नाही. तो आमच्या दप्तरातून आलेला आहे.

मी नाशिकला लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा डंपरच्या शेवटच्या खेपा चालल्या होत्या. उरलेल्या कापात उतरून संध्याकाळपर्यंत जे हाताला लागलं ते एका पाटीत भरलं. अर्धा तुटलेला, मधे खोलगट झिजलेला दगडी पाटा. गुरांची हाडं. भाजून वीट झालेले मातीचे गोळे, त्यांच्या एका अंगाला कुडाचे आडवे वळ स्पष्ट उमटलेले. म्हणजे कुडाच्या भिंतीचं घर कधीतरी जळालं होतं आणि त्या आगीनेच भिंतीवरचा लेप भाजून टिकवला होता. आणि खापरं. त्यातल्या एका तांबूस-चॉकलेटी खापरावर काळ्या रंगात बाणाच्या टोकासारखी खूण होती. माझी भाची पुण्यात पुरातत्त्व शिकली आहे. तिने फोटो पाहून लगेच फोन केला, ‘‘मामा, हे सावळद्याचं दिसतंय. हे कुठल्या थरातून निघालं?’’ मी गप्प. थर तेव्हा तीस किलोमीटर लांब, रस्त्याखाली दाबला गेला होता.

सावळदा हे तापीकाठचं गाव. तिथे प्रथम ओळखल्या गेलेल्या रंगीत भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तापीच्या खोऱ्यात शेती करून राहणाऱ्या लोकांची ती भांडी. त्यांच्यावर बाण, मासे धरायचे गळ अशी रोजच्या हत्यारांची चित्रं असतात. तिचा शोध मुख्यतः पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या पायपिटीमुळे लागला. आमच्याच तालुक्यात कावठे इथे 1980 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या संस्कृतीच्या वस्तीचं उत्खनन केलं. त्याआधी तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी, आणि गिरणाकाठी बहाळ इथे म. न. देशपांडे यांनी 1952-53 पासून खोदकाम केलं होतं. बहाळच्या समोर, नदीच्या पलीकडे टेकवाडे इथे दफनं सापडली. चाळीसगावजवळ पाटण्याला तर साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेघांचा तुकडा मिळाला, तो सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या खानदेशात तेव्हा शहामृग होते! ही सगळी गावं आपली, एस. टी.च्या पाटीवर वाचतो ती. शाळेत मात्र आम्ही मोहेंजोदडो पाठ केलं आणि प्रकाश्याला फक्त सिंहस्थासाठी गेलो.

तरीही माझा मुद्दा केवळ खापरांचा नाही. खापर उचलून काचेच्या कपाटात ठेवलं की काम झालं, असं मलाही वाटायचं. भाचीने माझी ही समजूत मोडली. ती म्हणाली, टेकाड म्हणजे फक्त घर. ते लोक पाणी कुठून आणत, गुरं कुठे नेत, मेलेल्यांना कुठे ठेवत, कुठलं वावर पेरत आणि कुठलं पडू देत, हे टेकाडात नसतं. ते शिवारात असतं. म्हणून आता अभ्यासक एका जागी खड्डा घेऊन थांबत नाहीत. सगळं शिवार एक कागद समजून वाचतात. त्याला ते भूदृश्य पुरातत्त्व म्हणतात. नाव जड आहे, पण मी चौतीस वर्षं त्याच कागदावरून चालत होतो.

याचं माझ्या घरातलं उदाहरण सांगतो. पांझरा, मोसम, आराम, गिरणा या नद्यांवर दगड-चुन्याचे लहान लहान बंधारे आहेत, काही तीन-चारशे वर्षांचे. त्यांवरची फड बागायत म्हणजे खानदेश-बागलाणाचं खरं वैभव. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि थळ, म्हणजे त्या पाण्याने भिजणारी सगळी जमीन, तीन-चार मोठ्या फडांत वाटलेलं असतं. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, तिसऱ्यात आणखी काही, एखादा फड त्या वर्षी विसाव्याला. फड फिरते राहतात. कुठल्या फडाला पाणी द्यायचं ते गाव बसून ठरवतं. पाटकरी पाट सांभाळतो, बारेकरी वावराला पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार सगळ्यांवर लक्ष ठेवतो. त्यांना मोबदला धान्यात किंवा पिकात. शेतकऱ्याने स्वतः पाण्याची दारं फोडायची नाहीत.

यातली सगळ्यात शहाणी गोष्ट नकाशात दिसते. आमच्या गावचं जुनं टिपण, म्हणजे मोजणीचा कच्चा नकाशा, काढून पाहिलं तर पाटाच्या खाली लांब, अरुंद पट्ट्या एकमेकींना लागून दिसतात. माझ्या वडिलांच्या चार फडांत चार पट्ट्या होत्या: बत्तीस गुंठे, तीस, अठ्ठावीस आणि चाळीस. एकूण सव्वातीन एकर. नदीला पाणी कमी आलं की दोनच फड भिजायचे, पण त्या दोन फडांत गावातल्या प्रत्येकाची पट्टी असायची. पाटाच्या तोंडाशी कुणी कायमचा श्रीमंत नाही आणि शेवटाला कुणी कायमचा कोरडा नाही. दुष्काळ आला तर सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा यायचा. हे कुठल्या ठरावात लिहिलेलं नव्हतं. ते जमिनीच्या आकारात लिहिलेलं होतं.

मग एकत्रीकरण आलं. 1947 चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. विखुरलेले तुकडे एकत्र करून शेतकऱ्याला एका जागी सलग जमीन द्यायची, हा त्याचा हेतू. कोरडवाहू माळावर त्याचा फायदा झाला, हे मी मोजणीवाला म्हणून सांगतो. दहा गुंठ्यांच्या चार तुकड्यांसाठी चार दिशांना औत नेणाऱ्याची दमछाक मी पाहिली आहे. पण फडाच्या थळात तेच सूत्र लावलं तेव्हा तुकडे दिसले, तुकड्यांमागचा करार दिसला नाही. आमच्या गावी योजना झाली तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांच्या चार पट्ट्यांचा एक गट झाला, पाटाच्या शेपटाला. ज्यांना तोंडाशी गट मिळाला त्यांना फड फिरवण्यात रस उरला नाही. पंधरा वर्षांत पाट गाळाने भरला, विहिरींवर मोटारी आल्या, पाटकऱ्याचा मुलगा सुरतेला कामाला गेला. पुढे मी त्याच खात्यात लागलो आणि दुसऱ्या गावांच्या एकत्रीकरण योजनेतल्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यांवरून असेच गट कायम केले. नियमाने केले, चूक एका आण्याचीही नाही. तरीही आज जुन्या टिपणावर बोट ठेवून त्या चार पट्ट्या शोधतो तेव्हा वाटतं, त्या काळी कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात एवढी एक ओळ लिहायला हवी होती: हे तुकडे नाहीत, हे फड आहेत.

भाचीने मला इंग्लंडमधल्या जुन्या शेतीबद्दल सांगितलं आणि मी चकित झालो. तिकडे मध्य भागातल्या खेड्यांत अशीच दोन-तीन मोठी उघडी शेतं असत, प्रत्येक कुटुंबाच्या पट्ट्या सगळ्या शेतांत विखुरलेल्या, एक शेत दरवर्षी पडीक, आणि पेरणीचं सगळं गाव मिळून ठरवी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या पार्लमेंटने कायद्यांवर कायदे करून ती शेतं मोडली आणि कुंपणं घातली. पण नांगराने पडलेले त्या जुन्या पट्ट्यांचे उंचवटे कुरणांच्या गवताखाली अजून आहेत. सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की सावल्यांनी उठून दिसतात. ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या माणसाने 1920 च्या दशकात विमानातून काढलेल्या फोटोंवरून जुन्या शेतांच्या खुणा वाचायला सुरुवात केली. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे उजाड खेडं अभ्यासकांनी 1950 पासून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात थोडं थोडं खोदलं. चाळीस उन्हाळे, एका ओस गावासाठी! आणि लॅक्स्टन नावाच्या एका गावात ती उघडी शेतं आजही तशीच कसली जातात. हे ऐकताना डोळ्यांपुढे आमचे फड आले. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी तीच युक्ती शोधली होती.

ओस गावांची तर आपल्याकडे खाण आहे. महसूल दप्तरात त्यांना ‘बेचिराग’ म्हणतात, जिथे दिवा लागत नाही ते. मौजे अमुक, क्षेत्र इतकं, घरं शून्य. 1802 ते 1804 या काळात होळकर-शिंद्यांच्या लढायांत लुटालूट झाली आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला, त्यात खानदेशातली शेकडो गावं उजाड झाली. 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती हा मुलुख आला तेव्हा त्यांना पडके बंधारे आणि झाडीत बुडालेली गावठाणं मिळाली. मी मोजणीला गेलेल्या बेचिराग गावांत एक खूण हटकून असे, चिंचेचं झाड आणि शेजारी शेंदूर फासलेला मारुती. गाव नाही, पण पारावरच्या देवाला शेजारच्या गावचे लोक पोळ्याला बैल घेऊन येतात. का येतात विचारलं तर सांगतात, आमचे मूळचे बापजादे इथले.

आणि वावरांची नावं! उताऱ्यावर फक्त गट नंबर असतो, पण सालदार मालकाला गट नंबर सांगत नाही. तो म्हणतो, आज घाणीच्या वावरात औत धरलं. आमच्या शिवारात एक ‘घाणीचं’ आहे, तिथे तेलाचा दगडी घाणा अर्धा गाडलेला आहे. एक ‘गढीतलं’ आहे, तिथे आज गढीचा दगडही नाही. ‘साळीचं’ नावाच्या वावरात गेली पन्नास वर्षं कापूस आणि बाजरीच आहे. पण साळ म्हणजे भात, आणि भाताचं नाव तिथे पडलं कारण तो फड एकेकाळी पाटाच्या पाण्यावर भाताचा होता. एका नावात पाण्याचा इतिहास आहे. इतिहासाचार्य राजवाडे याच धुळ्यात बसून गावांच्या नावांतून इतिहास काढत होते. 1926 च्या 31 डिसेंबरला ते इथेच गेले. वावरांची नावं मात्र कुणी टिपली नाहीत. ती सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या वस्तीवरच्या एका भिल्ल बाबांनी मला एका सकाळी त्रेचाळीस नावं सांगितली, त्यांत सहा मला, इथल्या जन्मलेल्या मोजणीवाल्याला, अजिबात ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षी बाबा गेले.

धुळे-साक्री-नंदुरबार पट्ट्यात भिंतीसारख्या सरळ, काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा दिसतात, साधारण पूर्व-पश्चिम. लोक म्हणतात गवळी राजाने बांधल्या. त्या लाव्हाच्या भेगांत थिजलेल्या खडकाच्या भिंती आहेत आणि जमिनीखालचं पाणी त्या अडवतात. एका बाजूच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, हे मी मोजताना कितीदा पाहिलं. जुनी वस्ती बहुधा पाण्याच्या बाजूला. आता खडीच्या क्रशरना याच रांगा सोयीच्या पडतात. यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं.

आता मागणीकडे येतो. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा आहे, महाराष्ट्राचा 1960 चा. पण संरक्षण मिळतं ते अधिसूचना निघालेल्या जागेला. गावोगावच्या पांढऱ्या, पाट, बेचिराग गावठाणं यांची अधिसूचना कधी निघणार नाही आणि निघावी असंही मी म्हणत नाही. कारण शेतकऱ्याची भीती मला माहीत आहे. ‘खापर सापडलं म्हणून सांगितलं तर सरकार वावर घेईल’, हे वाक्य मी इतक्या बांधांवर ऐकलं आहे की त्याची थट्टा करणं मला जमत नाही. खानदेशात मोजणीच्या साखळीची भीती जुनी आहे. 1852 मध्ये सावदा, एरंडोल भागात शेतकरी इंग्रजांच्या सर्वेविरुद्ध उठले होते. ही भीती असेपर्यंत लोक टेकाड दाखवणार नाहीत, गुपचूप विकून मोकळे होतील. माझ्या भावकीतल्या त्या माणसानेही मला नंतर हेच सांगितलं: माती विकली नसती तर कुणीतरी येऊन पाटी लावली असती.

म्हणून मी बंदी मागत नाही, नोंद मागतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, त्यात गावातली झाडं, पाखरं, वाणं लिहितात. तिच्याच शेजारी एक शिवार नोंदवही ठेवावी. सातबाऱ्यावर काही चढवायचं नाही, इतर हक्कांत बोजा नाही. फक्त लिहायचं: गट नंबर अमुक, लोक याला काय म्हणतात, पांढरी आहे का, उंची किती, जुना पाट कुठून जातो, फडाची नावं, बेचिराग गावठाणाची चतुःसीमा, कोणी सांगितलं, त्यांचं वय. आणि शिवारात यंत्र लावण्याआधी ती वही उघडून पाहायची. पांढरीला हात लावायची वेळ आलीच तर आठ दिवस आधी जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवायचं, काप नीट तासून फोटो घ्यायचा, कुठल्या थरातून काय निघालं ते लिहायचं. मैदान नंतरही होतं.

यासाठी फार पैसा लागत नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली जात आहेत. जुनं टेकाड बहुधा गावठाणाच्या शेजारीच असतं. ड्रोनने आणखी एक फेरी मारली तर तेही येईल. मे महिन्यात वावरं मोकळी असताना उपग्रहाच्या चित्रात काळ्या शिवारात पांढरीचा डाग स्वच्छ दिसतो, मोबाईलवर कुणीही पाहू शकतो. माझ्या नातवाने एका दुपारी आमच्या आसपासच्या अकरा गावांत असे डाग शोधले. आम्ही दोघांनी मोटारसायकलवर जाऊन त्यातले सात पाहिले. चारांवर खापरं होती. एकावर विटभट्टी होती. दोन ठिकाणी माती कालच उचलावी तसा ताजा खड्डा होता.

आमच्या गावापुरती वही मी सुरू केली आहे. दोनशे पानी, शाळेची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वावरं मोकळी असतात आणि माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात. बायकांना पाणवठे आणि जुन्या वाटा पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतात, हा माझा अनुभव आहे. सणाची घागर भरून झाली की दुपारनंतर म्हाताऱ्या माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आम्ही शिवेवरून फिरतो. गेल्या वर्षी बेचाळीस पानं झाली. माझ्या आत्याने, वय सत्त्याऐंशी, पाटाचं जे तोंड मी टिपणावर तीन वर्षं शोधत होतो ते ट्रॉलीतून हात करून दाखवलं. बाभळीच्या मुळाखाली चुन्यातले चार घडीव दगड निघाले.

संपादक महोदय, आपल्या बातमीतल्या गावचे तरुण हे पत्र वाचतील अशी आशा आहे. त्यांना माझा एक निरोप द्यावा. टेकाडाची माती कुठे कुठे टाकली, कुठल्या वावरात, कुठल्या भरावात, ते ट्रॅक्टरवाल्यांना आजच विचारून लिहून ठेवा, दोन पावसांनंतर कुणाला आठवणार नाही. मैदानाच्या कडेला जो काप शिल्लक आहे त्याला सिमेंटचा गिलावा करू नका, पावसाआधी त्याच्यावर ताडपत्री टाका. आणि मला कार्यालयामार्फत निरोप पाठवा. मी येतो, भाचीला सुट्टी मिळाली तर तीही येईल. एसटीचं भाडं आमचं, साखळी माझी. दोन पोरं पट्टी धरायला आणि गावातली सगळ्यात म्हातारी दोन माणसं, एवढंच तुमच्याकडून हवं.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
ता. साक्री, जि. धुळे